काचा वर, दारं बंद, तरी गाडीत पाणी येतं कुठून?

प्रश्न : आमची हॅचबॅक सहा वर्षांची आहे. दर पावसाळ्यात डाव्या बाजूच्या पुढच्या सीटसमोरचं मॅटिंग ओलं होतं. महाबळेश्वरला जाऊन आलं की हमखास. दारांची रबरं बदलली. गॅरेजमध्ये पुढच्या काचेच्या कडेनं सिलिकॉन भरून घेतलं. तरी पाणी येतंच, आणि आता आत कुबट वास सुटलाय. छताला भोक नाही, काचा नीट बसतात. मग हे पाणी शिरतं कुठून?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय. ‘डाव्या बाजूला, पुढे’ आणि ‘महाबळेश्वरला जाऊन आलं की’ हे दोन तपशील फार मोलाचे आहेत. पुष्कळ गाडीमालक गॅरेजमध्ये जाऊन नुसतं ‘पाणी येतंय’ एवढंच सांगतात. मग मेस्त्री अंदाजानं जिथं हात पोचतो तिथं सिलिकॉन फासतो.

गाडी सगळं पाणी बाहेरच्या बाहेर अडवते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गाडीच्या बांधणीतच काही ठिकाणी पाणी आत घेतलेलं असतं. पुढच्या काचेवरून ओघळणारं पाणी काचेच्या पायथ्याशी एका पन्हाळीत पडतं. दाराच्या काचेवरचं पाणी थेट दाराच्या पोटात उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीभोवतीच्या ताटलीत पाणी जमतं. या प्रत्येक जागेला खाली निचऱ्याची वाट दिलेली असते. आत पाणी आल्याच्या बहुतेक तक्रारींमध्ये नवीन काही फुटलेलं नसतं, निचऱ्याची एखादी वाट तुंबलेली असते. म्हणून रबरं बदलूनही तुम्हाला फरक पडला नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय त्या काचेखालच्या पन्हाळीवर आहे. बॉनेट उघडलं की वायपरच्या खाली काळी प्लॅस्टिकची जाळी दिसते. गॅरेजवाले तिला काऊल म्हणतात. तिच्या खाली पत्र्याची पन्हाळ असते आणि पन्हाळीच्या दोन्ही टोकांना पाणी बाहेर सोडणारी भोकं असतात. तिथून पाणी पुढच्या चाकांच्या बाजूला जमिनीवर उतरतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एसीच्या ब्लोअरला बाहेरची हवा मिळते तीही याच पन्हाळीतून, साधारण डाव्या बाजूनं. त्या हवेच्या तोंडाभोवती थोडी उंच कडा असते, म्हणून एरवी पाणी आत जात नाही. टोकाची भोकं बुजली की पन्हाळ भरते, पाणी त्या कडेवरून ब्लोअरच्या डब्यात शिरतं आणि डाव्या सीटसमोर मॅटिंगवर उतरतं. वळणावर डॅशबोर्डाच्या डाव्या भागातून खळखळ ऐकू येते का, पंखा लावल्यावर गुरगुरतो का, ते पाहा. येत असेल तर शंकाच नको.

आता भोकं बुजतात कशानं? सातारकरांना हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. आपलं गाव १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा करणारं. गुलमोहराखाली गाडी लावायला कुणाला आवडत नाही? पण गुलमोहराची आणि चिंचेची पानं इतकी बारीक असतात की ती काऊलच्या जाळीतून सहज खाली जातात. वडाचं किंवा आंब्याचं पान जाळीवरच अडतं, हातानं उचलून टाकता येतं. ही बारीक पानं मात्र आत जाऊन धुळीत मिसळतात, कुजतात आणि त्यांचा काळा चिकट लगदा होतो. जाळी काढून पाहिली तर तळाशी बोटभर जाड थर सापडतो, कधी त्यात एखादं रोपही उगवलेलं असतं. पाचगणीच्या सिल्व्हर ओकची पानं वेगळ्या आकाराची, पण वाळून चुरा झाली की तीही तेच काम करतात.

आणि महाबळेश्वरच का? पावसाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याइतका टोकाचा फरक फार थोड्या ठिकाणी असेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सातारा शहरात हजाराच्या आसपास, आणि माण तालुक्यात पाचशेच्या घरात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका चोवीस तासांत ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला, म्हणजे माणदेशातला वर्षभराचा पाऊस एका दिवसात. अर्धवट बुजलेलं भोक साताऱ्यातली सर कशीबशी निचरून टाकतं. केळघर किंवा पसरणीचा घाट चढून वर गेल्यावर तासन् तास कोसळणारी झड त्याला झेपत नाही. म्हणून गाडी दहिवडीला वर्षानुवर्षं कोरडी राहते आणि ऑगस्टमधल्या एका सहलीत भिजते. तिथल्या पावसानं गाडी बिघडवलेली नसते. आधीच साचलेला गाळ त्यानं उघडा पाडलेला असतो.

उपाय घरी करण्यासारखा आहे. पाऊस नसताना बॉनेट उघडा, काऊलच्या जाळीवरून एक तांब्या पाणी हळूहळू ओता आणि पुढच्या दोन्ही चाकांमागे खाली पाहा. दोन्हीकडून पाणी लगेच पडायला हवं. एका बाजूनं पडलं नाही किंवा थेंबथेंब आलं, तर ती बाजू तुंबलेली आहे. पाना-स्क्रूड्रायव्हर हाताळायची सवय असेल तर वायपर आणि जाळी काढून लगदा हातानं उपसा. सवय नसेल तर गॅरेजमध्ये ‘काऊल खोलून साफ करा’ असं स्पष्ट सांगा. हवेच्या नळीनं नुसता फवारा मारू देऊ नका, त्यानं गाळ आणखी खोल जाऊन बसतो. ग्लव्ह बॉक्समागचा एसीचा फिल्टरही काढून बघा. तो ओला किंवा काळा पडलेला असेल तर बदलून टाका, कुबट वासाचा मोठा वाटा त्याचाच असतो.

आता दुसरी शक्यता, जी पावसाशी बांधलेली नाही. एसी चालतो तेव्हा डॅशबोर्डाच्या आत थंड कॉइलवर पाणी साठतं आणि एका रबरी नळीतून गाडीखाली ठिबकतं. मे महिन्यात एसी लावून गाडी उभी केली की खाली छोटं थारोळं दिसतं ते हेच. ती नळी चिखलानं बुजली किंवा तिच्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं, की पाणी मागं फिरून पुन्हा डाव्या सीटसमोरच येतं. जागा एकच, कारणं दोन, म्हणून गल्लत होते. ओळखायची खूण सोपी : कडक उन्हाळ्यात एसी लावूनही गाडीखाली पाणी पडत नसेल आणि आत ओल असेल, तर नळी तुंबलीय. गाडी रॅम्पवर घेऊन मऊ तारेनं ती मोकळी होते.

हात लावून पाणी चिकट लागलं, गोडसर वास आला, त्याला हिरवा किंवा गुलाबी रंग असला आणि पुढची काच आतून तेलकट धुरकटत असेल, तर ते पाणी नाहीच. ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे. ते विषारी असतं, आणि कमी झालं तर इंजिन तापतं. त्याच दिवशी गॅरेज गाठा.

समजा हे तिन्ही नाही. मग मात्र शोध घ्यावा लागतो, आणि तिथं लक्षात ठेवायचं की पाणी दिसतं तिथून शिरलेलं असेलच असं नाही. कौलारू घरात राहिलेल्यांना हे माहीत असतं : कौल फुटतं एकीकडे, पाणी वाशावरून ओघळून टपकतं दुसरीकडे. गाडीतही छतावरच्या अँटेनाच्या बुडातून शिरलेला थेंब छताच्या कापडावरून खांबात उतरतो आणि मागच्या सीटच्या पायथ्याशी जमतो. वर कॅरिअर बसवताना मारलेले स्क्रू, डिकीजवळच्या दिव्यांची कुजलेली पॅकिंग, हायवेवर खडी उडून काच तडकल्यावर घाईघाईत बसवलेली नवी काच, हॉर्न किंवा फॉगलॅम्पची वायर आत घ्यायला पाडलेलं आणि उघडंच राहिलेलं भोक, असे किती तरी वाटाडे असतात. गाडीवर नंतर काय काय काम झालं ते आठवा. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

दारांबद्दल दोन गोष्टी. दाराच्या खालच्या कडेला निचऱ्याची भोकं असतात. गंज लागू नये म्हणून गाडीच्या बुडाला कोटिंग मारून घेतात, तेव्हा फवारणारा माणूस ही भोकंही बुजवून टाकतो. दार उघडताना आतून पाण्याचा आवाज आला तर हेच झालंय. काडीनं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं भोक मोकळं करा, पेलाभर पाणी भसकन बाहेर येईल. दुसरं, दाराच्या आतल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. नवे स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडो दुरुस्त करताना तो फाटतो, आणि बरेच जण तो परत लावतच नाहीत. मग दाराच्या पोटातलं पाणी पॅनलमधून आत येतं. हा कागद पॅकिंगच्या टेपनं टिकत नाही, त्याला ब्यूटिल टेप लागते, आणि कागदाची खालची कड पत्र्याच्या आतल्या बाजूला सोडावी लागते, म्हणजे पाणी दारातच परत पडतं.

सनरूफवाल्यांसाठी खूण वेगळी. घाटात ब्रेक दाबला आणि डोक्यावर गार पाण्याची धार आली, तर ताटलीच्या कोपऱ्यातल्या नळ्या तुंबल्यात. त्या खांबांमधून खाली जातात. त्यात जोरानं हवा मारली तर मधला सांधा निखळतो आणि पाणी खांबातच पडू लागतं. नायलॉनची मऊ दोरी हळूहळू सरकवणं हाच खात्रीचा मार्ग.

शोधायचं कसं? दोन माणसं लागतात. आतलं मॅटिंग उचलून तळाचा पत्रा कोरडा पुसा, त्यावर वर्तमानपत्र अंथरा. एक जण मोबाईलचा दिवा घेऊन आत बसेल, दुसरा बागेच्या पाइपनं साधं पाणी सोडेल. सुरुवात खालून करा : आधी दाराची खालची बाजू, मग काचेचे खालचे कोपरे, मग काचेच्या बाजू, सर्वांत शेवटी छत. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर सगळीकडं एकदम पाणी होतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्यानं ही चाचणी करू नये. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो आणि निर्दोष जागेवर आळ येतो. दाराच्या रबराबद्दल शंका असेल तर रबरावर खडूची पूड लावून दार बंद करा आणि उघडा. चौकटीवर पांढरी रेघ जिथं तुटलेली दिसेल तिथं रबर टेकत नाही. दहाची नोट दारात धरून ओढून पाहण्याची युक्तीही चांगली. ती अडखळत यायला हवी, सैल सुटता कामा नये.

तुमच्या सिलिकॉनविषयी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं बाजारातलं साधं सिलिकॉन पत्र्याला लागलं की त्याखाली गंज धरतो, आणि पुढं त्यावर दुसरं काही चिकटत नाही. शिवाय निचऱ्याच्या भोकावर ते बसलं तर पाणी आतच कोंडतं. काचेची गळती खरोखर असेल तर काच काढून, गंज घासून, प्राइमर लावून, पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्यानं परत बसवणं हेच योग्य काम. गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काही लावू नका. तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या आणि शॉवर टेस्ट मागा. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी गाड्यांवर अशी पाण्याची चाचणी घेतलेली असते, सर्व्हिस सेंटरला ती नवीन नाही.

वाट बंद झाली तरी काम संपत नाही. मॅटिंगखाली जाड फोम असतो, तो वरून कोरडा लागतो आणि खाली आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो आपोआप वाळत नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढा, मॅटिंग उचलून खाली लाकडाचे ठोकळे सरकवा आणि टेबल फॅन दोन दिवस आत लावून ठेवा. सीट काढायची वेळ आली तर सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात हे ध्यानात ठेवा. बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नका. अत्तराच्या बाटल्या टांगून वास जात नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे सांधे आणि कंट्रोल युनिट याच डाव्या कोपऱ्यात असतात. आज फक्त वास आहे, उद्या सेंट्रल लॉक आपोआप उघडू-मिटू लागेल.

प्रश्न : नदी वाढली की आमच्या भागात रस्त्यावर पाणी येतं. गेल्या खेपेला गुडघाभर पाण्यातून गाडी बाहेर काढली. इंजिन ठीक आहे, पण चारही बाजूंना तळाला ओल आली. दारं तर बंद होती.
– एक वाचक, सांगली

उत्तर : वरून येणारं पाणी आणि खालून येणारं पाणी यांचा हिशेब अगदी वेगळा. गाडीच्या तळाच्या पत्र्यात कारखान्यातच ठेवलेली बरीच भोकं असतात आणि ती रबरी बुचांनी बंद केलेली असतात. सात-आठ वर्षांत ती बुचं कडक होतात, काही गळून पडतात. रस्त्यावरच्या साध्या डबक्यात हे कळत नाही. गुडघाभर पाण्यात बुडाखालून दाब आला की चारही बाजूंनी एकदम पाणी चढतं. दारांची रबरंही वरून येणाऱ्या पावसासाठी असतात, साचलेल्या पाण्यात तासभर उभं राहण्यासाठी नाहीत. गाडी रॅम्पवर घेऊन हरवलेली बुचं मोजा आणि नवी बसवा. काम स्वस्त आहे.

ओल सुकवण्याआधी मात्र धुवा. पुराचं पाणी म्हणजे गाळ, गटार आणि शेतातली खतं. मॅटिंग, फोम बाहेर काढून स्वच्छ पाण्यानं धुतल्याशिवाय वाळवलं तर गाळ आतच राहतो, पुढच्या दमट दिवसात पुन्हा ओल धरतो आणि कनेक्टरच्या पितळेवर हिरवा थर चढतो. पूर ओसरून तीन-चार महिन्यांनी काचा अडकायला लागतात, एअरबॅगचा दिवा पेटतो, आणि मालकाला कारण आठवत नाही.

सांगलीकरांना मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्येही ते ५० फूट ओलांडून गेलं. गावभाग, मारुती चौक, कर्नाळ रस्ता इथल्या लोकांना हे आकडे पाठ आहेत. इशारा पातळीच्या बातमीनं माणसं सामान माळ्यावर टाकतात, जनावरं हलवतात. गाडी मात्र दारातच राहते, कारण ‘वेळ आली तर काढू’. पाणी दारात आल्यावर ती निघत नाही. ४० फुटांची बातमी आली की गाडी मिरजेकडे किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवा.

आणि बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी असताना पिस्टन फिरला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. विम्याचा प्रश्नही इथंच अडतो. पुराचं नुकसान गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर भरून मिळतं, नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. पण पाण्यात इंजिन सुरू केल्यामुळं झालेला बिघाड इंजिनसाठीचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर सहसा नाकारतात. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी नूतनीकरणाच्या वेळी ते जोडून घ्यावं. गाडी बुडाली असेल तर पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, बॅटरीची वायर सोडवा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.

प्रश्न : जुनी गाडी घ्यायची आहे. ती पुरात बुडलेली नाही हे कसं ओळखावं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : चकचकीत सीट कव्हर आणि नवं मॅटिंग पाहून भुलू नका, उलट जुन्या गाडीत मॅटिंग अगदी नवं असेल तर जास्त बारकाईनं बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ किंवा डाग असतील तर पाणी तिथवर चढलं होतं. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा, कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ राहिलेला असतो. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का, डॅशबोर्डाखालच्या वायरींच्या जोडांवर मातकट थर आहे का, दिव्यांच्या काचेत आतून रेघ आहे का, ते दिवसाच्या उजेडात पाहा. एमएच-१० किंवा एमएच-११ पाहून गाडीचा इतिहास कळत नाही. बुडालेली गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊनही विकतात, म्हणून विम्याच्या दाव्यांची आणि सर्व्हिसची नोंद मागा. हे सगळं पाहायला अर्धा तास पुरतो. विकणारा मॅटिंग उचलू देत नसेल तर ती गाडी घेऊ नका.